सायकल शर्यतीचे तीन रेडिओ

जुलैत रात्री नवाच्या सुमारास सोलापुरात भाकरी तव्यावर असते, तेव्हा फ्रान्समध्ये संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात आणि टूर द फ्रान्सचा त्या दिवसाचा टप्पा संपायला आलेला असतो. पहाटे विजापूर रोडला, होटगी रोडला सायकली पळवणाऱ्यांपैकी काही जणांच्या कानात रात्रीच्या त्या वेळी इअरफोन असतो. ‘मॅच लागलीय काय बे?’ असं कुणी विचारलं आणि ‘सायकलची शर्यत, रेडिओवर’ असं उत्तर आलं, की समोरचा हमखास हसतो. सायकलच्या शर्यतीत ऐकायचं काय? चाकांचा आवाज?

शंका रास्त आहे. उत्तर मात्र जरा लांबचं आहे, कारण या खेळात रेडिओ एक नाही, तीन आहेत. पहिला आपल्यासारख्या श्रोत्यांसाठी. दुसरा शर्यतीबरोबर धावणाऱ्या गाड्यांसाठी. तिसरा थेट सायकलस्वाराच्या कानात. बातम्यांत नुसतं ‘रेडिओवर बंदी’ असं वाचलं की माणूस गोंधळतो, कारण ती बंदी तिसऱ्यावर असते आणि आपण ऐकत असतो पहिला.

आपल्याकडे धावतं समालोचन म्हटलं की क्रिकेट. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत वाढलेली पिढी अजून आहे. क्रिकेट रेडिओला फार सोयीचं: सगळं मैदान समालोचकाच्या डोळ्यांपुढं, एका वेळी एकच चेंडू, आणि दोन चेंडूंच्या मध्ये बोलायला हवा तेवढा वेळ. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत यातलं काहीच नाही. २०२५च्या टूरमध्ये २३ संघ होते, प्रत्येकी ८ जण, म्हणजे १८४ सायकलस्वार. तीन आठवड्यांत २१ टप्पे आणि सगळं मिळून ३,३०० किलोमीटरच्या वर. एकेक टप्पा चार-पाच तास चालतो, आणि मैदान म्हणाल तर दीडशे-दोनशे किलोमीटर लांब आणि रस्त्याएवढं रुंद.

हे आपल्या रस्त्यावर आणून पाहू. शर्यत पंढरपुरातून सुटली, मोहोळवरून सोलापुरात आली, शहराला वळसा घालून उळे, तामलवाडी करत तुळजापूरचा घाट चढली आणि तिथंच संपली, असं धरा. सुमारे १२० किलोमीटर. व्यावसायिकांच्या हिशेबात छोटाच टप्पा. आता समालोचकाला बसवायचं कुठं? मोहोळच्या चौकात बसवला तर सगळा घोळका अर्ध्या मिनिटात समोरून निघून जाईल आणि पुढं तो चहाच पीत बसेल. तुळजापुरात बसवला तर शेवटचे दोनशे मीटर दिसतील. मोटारसायकलवर बसवून आघाडीवरच्यांबरोबर पाठवला, तर मागं कोण पडलं, कोण पंक्चर झालं, याचा त्याला पत्ता लागणार नाही.

म्हणजे सगळी शर्यत कुणालाच दिसत नाही. पंचांना नाही, संघाच्या प्रशिक्षकाला नाही, आणि शर्यतीत पळणाऱ्याला तर सगळ्यांत कमी दिसते. त्याच्या डोळ्यांपुढं असतं ते पुढच्याचं मागचं चाक. तुकडे जमवायचे, जोडायचे आणि त्यातून शर्यत उभी करायची, हे या खेळातल्या समालोचकाचं खरं काम. रेडिओ इथं टीव्हीचा गरीब भाऊ नाही, तो याचमुळं. टीव्हीच्या पडद्यावरही एका वेळी एकच तुकडा दिसतो. बाकीचं सांगावंच लागतं.

टूर सुरू झाली १९०३ मध्ये, ल’ऑटो या फ्रेंच वृत्तपत्राचा खप वाढावा म्हणून. पहिली पंचवीसेक वर्षं ती लोकांनी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचली. १९२९ मध्ये जाँ आंत्वान आणि आलेक्स विरो या दोन पत्रकारांनी टेलिफोनच्या तारांचा आधार घेऊन ती पहिल्यांदा थेट रेडिओवर आणली. १२ जुलै १९३२ रोजी याच दोघांनी पिरेनीज पर्वतातल्या ओबिस्क घाटाच्या माथ्यावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र नेऊन सायकलस्वार खिंड ओलांडतानाचा आवाज टिपला आणि नंतर तो प्रसारित केला. विरो पुढं जवळजवळ तीन दशकं या कामात राहिले. १४ जुलै १९५७ रोजी, बार्सिलोनाहून आक्स-ले-तेर्मला जाणाऱ्या टप्प्यात त्यांची मोटारसायकल घाटात रस्ता सोडून खाली कोसळली. त्यात ते आणि मोटारसायकल चालवणारे रने वाग्नेर, दोघांचाही जीव गेला. मोटारसायकलवरून बातमी देणं तेव्हाही धोक्याचं होतं आणि आजही आहे. घाट उतरताना व्यावसायिक सायकलस्वार ताशी ८० किलोमीटरच्या पुढं जातात आणि त्यांच्या पुढं राहायचं म्हणजे मोटारसायकललाही जीव मुठीत धरूनच पळावं लागतं.

इटलीतली गोष्ट आणखी वेगळी. १० जून १९४९, जिरो द’इतालिया या तिथल्या मोठ्या शर्यतीचा कुनेओ ते पिनेरोलो हा आल्प्समधले पाच घाट ओलांडणारा टप्पा. फाउस्तो कोप्पी पहिल्याच घाटात निसटला आणि उरलेले १९२ किलोमीटर एकटा पळाला. शेवटी दुसऱ्या आलेल्या जिनो बार्ताली याच्यापेक्षा तो ११ मिनिटं ५२ सेकंद पुढं होता. इतालियन रेडिओचे मारिओ फेर्रेत्ती यांनी त्या दिवशीचं निवेदन ज्या वाक्यानं सुरू केलं, ते इटलीत आजही लोकांच्या तोंडी आहे: एक माणूस एकटाच आघाडीवर आहे, त्याची जर्सी पांढरी-आकाशी आहे, त्याचं नाव फाउस्तो कोप्पी. या वाक्यातला क्रम बघा. आधी माणूस कुठं आहे, मग तो कसा दिसतो, आणि नाव शेवटी. नाव पहिल्यांदा सांगितलं असतं तर बातमी झाली असती. उशिरा सांगितल्यामुळं ऐकणाऱ्याला आधी मोकळा रस्ता दिसतो, मग त्यावरचा रंग, मग माणूस. माझ्या मते रेडिओवरच्या सायकल समालोचनाचं सगळं शिक्षण या एका वाक्यात आहे.

आणि कोलंबिया. तिथली राष्ट्रीय शर्यत १९५१ मध्ये सुरू झाली. अँडीज पर्वत, रस्ते बहुतेक कच्चे. रेडिओ कंपन्यांच्या गाड्या शर्यतीमागं धावायच्या आणि डोंगरातल्या गावागावांत लोक रेडिओभोवती जमायचे. सायकलस्वारांना टोपणनावं पडायची ती रेडिओवरच. १९८४ मध्ये लुचो एर्रेरा, ज्याला लोक ‘फुसागासुगाचा छोटा माळी’ म्हणत, टूरमधला आल्प द’उएझचा २१ वळणांचा चढ चढून पहिला आला. टूरचा टप्पा जिंकणारा तो पहिला कोलंबियन. तेव्हा तिकडून निवेदकांचा ताफाच युरोपात आला होता. कोलंबिया वेळेत फ्रान्सच्या सात तास मागं, त्यामुळं तिथल्या लोकांनी हे सगळं सकाळच्या कामाच्या वेळेत ऐकलं. डोळे आणि हात कामात गुंतलेल्या माणसांसाठी कान हीच एक मोकळी जागा असते. आपल्याकडच्या विडी घरकुलात पानावर पान वळणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. शेजारी रेडिओ लागलेला असतो म्हणून त्यांचे हात थांबत नाहीत.

आता ऐकताना सगळ्यांत जास्त वेळा कानावर येणारी गोष्ट: अंतर. ते नेहमी वेळेत सांगतात, मीटरमध्ये नाही. ‘आघाडीवरचे चौघे दोन मिनिटं दहा सेकंद पुढं.’ असं का? सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या वेगात एक मिनिट म्हणजे सुमारे ८३० मीटर. घाटात वेग २० वर आला की तेच मिनिट ३३० मीटरचं होतं, आणि उतारावर ८० च्या वेगात १,३०० मीटरच्या वर जातं. तुळजापूरच्या घाटात पुढचा माणूस मागच्यांना अगदी डोळ्यांसमोर दिसेल, हात लांबवला की सापडेल असं वाटेल, पण मिनिट तेवढंच शिल्लक असेल. मीटर फसवतात, मिनिट फसवत नाही.

हे मोजायचं कसं? जुनी पद्धत सोपी. रस्त्यावरची एक खूण धरायची, एखादा पूल किंवा मैलाचा दगड. पुढचा तिथून गेला की घड्याळ चालू, मागचा घोळका आला की बंद. आता सायकलींना बसवलेल्या जीपीएस यंत्रांवरून आकडे आपोआप येतात. टूरमध्ये ही सोय २०१५ पासून आहे. तरी घड्याळवाल्यांचं काम पुरतं गेलेलं नाही. उंच डोंगरात, झाडीत जीपीएसचे आकडे कधी कधी भरकटतात, आणि अनुभवी समालोचक अशा वेळी अंतर एकदम चाळीस सेकंदांनी घटलं म्हणून ओरडत सुटत नाही; दुसऱ्या आकड्याची वाट बघतो.

या मिनिटांवरून निकालाचा अंदाजही बांधतात. रोबेर शापात हे आधी सायकलस्वार होते, मग समालोचक झाले. त्यांनी एक ठोकताळा दिला: एकटा निसटलेला माणूस टिकायचा असेल, तर उरलेल्या दर १० किलोमीटरला त्याच्याजवळ एक मिनिटाची शिल्लक पाहिजे. फ्रेंच लोक याला गमतीनं शापातचं प्रमेय म्हणतात. यामागं हवा आहे. दुसऱ्याच्या मागं चिकटून सायकल चालवली की ढोबळमानानं एक तृतीयांश श्रम वाचतात, मोठ्या घोळक्याच्या पोटात असाल तर त्याहून जास्त. पुढं एकटा पळणारा सगळी हवा स्वतः कापतो. मागच्या घोळक्यात माणसं आळीपाळीनं पुढं येतात आणि बाकीचे विसावतात. म्हणून घोळका मनात आणील तेव्हा अंतर खाऊ शकतो, आणि बहुतेक वेळा तो हिशेबानं खातो. फार लवकर पकडलं तर नवे लोक निसटतील, म्हणून शेवटच्या पाच-दहा किलोमीटरपर्यंत त्या बिचाऱ्याला पुढं लटकत ठेवतात.

तामलवाडीत साधारण पंचवीस किलोमीटर उरलेत आणि पुढचा दीड मिनिटानं पुढं आहे, असं कानावर आलं तर तो गेलाच समजा; त्याला निदान अडीच मिनिटं हवी होती. पण पुढं घाट आहे हे विसरू नका. चढावर वेग कमी, त्यामुळं हवेचा अडथळा कमी आणि मागं लपण्याचा फायदाही कमी. तिथं ठोकताळा सैल होतो आणि पायांतली ताकद बोलू लागते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात पहिल्या येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्याला वेगळा मान का, ते यावरून कळेल. टूरमध्ये या मानाची जर्सी पांढरी आणि लाल ठिपक्यांची असते.

वाऱ्याचंही तसंच. जुलैत सोलापूरच्या माळरानावर पश्चिमेचा वारा कसा झोडपतो ते इथल्या सायकलवाल्यांना ठाऊक आहे. तुळजापूरचा रस्ता उत्तरेकडं जातो, म्हणजे वारा डाव्या बाजूनं. अशा वेळी सरळ मागं राहून आडोसा मिळत नाही. पुढच्याच्या थोडं मागं आणि थोडं उजवीकडं राहावं लागतं. मग रस्त्यावर तिरकी रांग तयार होते. रस्त्याची रुंदी संपली की रांग संपली. ज्यांना त्यात जागा मिळाली नाही ते कडेच्या खडीला लागून, विनाआडोसा, जीव खाऊन पळतात आणि थोड्या वेळात घोळक्याचे दोन-तीन तुकडे होतात. सपाट टप्प्यावर समालोचक कंटाळल्यासारखा बोलत असताना मध्येच ‘वारा बाजूचा झालाय’ म्हणाला, तर हातातलं काम ठेवून ऐका. अशा दिवशी घाट नसतानाही मोठमोठे दावेदार मिनिटं गमावून बसलेत.

समालोचकाला ही माहिती पुरवतो दुसरा रेडिओ. टूरमध्ये त्याचं नाव ‘रेडिओ टूर’. (नेदरलँड्समध्ये श्रोत्यांसाठीच्या एका लोकप्रिय कार्यक्रमाचं नाव ‘रेडिओ टूर द फ्रान्स’ आहे, तिथं गाणी लावतात आणि शर्यत तापली की गाणं तोडून समालोचन सुरू करतात. नावं सारखी, कामं वेगळी.) रेडिओ टूर ही शर्यतीची अंतर्गत वाहिनी. शर्यतीच्या ताफ्यातल्या एका गाडीत बसलेला निवेदक पंच आणि मोटारसायकलवरच्या निरीक्षकांकडून येणारी माहिती घेतो आणि फ्रेंच व इंग्रजीत सगळ्या गाड्यांना सांगतो: अमुक क्रमांक पंक्चर, तमुक संघाची गाडी पुढं या, अंतर एवढं, पडझड, डॉक्टर पाठवा. गेली अनेक वर्षं हा आवाज सेब पिके यांचा आहे. आवाज कधी चढत नाही. दहा जण एकावर एक पडले तरी क्रमांक शांतपणे वाचले जातात, कारण घाईत एक आकडा चुकला तर भलत्याच संघाची गाडी शेकडो सायकलींच्या गर्दीतून वाट काढत पुढं येईल.

सायकलस्वारांना मात्र ही वाहिनी ऐकू येत नाही. त्यांच्यासाठी मोटारसायकलवर मागं पाटी घेऊन बसलेला माणूस असतो. पाटीवर पुढच्यांचे क्रमांक आणि अंतर लिहायचं, पुढच्या गटाला दाखवायचं, मग थांबून घोळक्याला दाखवायचं. जीपीएसच्या काळातही ही पाटी टूरमध्ये टिकली आहे, आणि मला तरी ती फार आवडते.

लांबून आवाज आणायचा कसा, हाही प्रश्न असतोच. रेडिओलहरी डोंगराला वळसा घालत नाहीत. म्हणून मोटारसायकलवरून निघालेला संदेश आधी वर, हेलिकॉप्टरकडं आणि त्याहून उंच घिरट्या घालणाऱ्या विमानाकडं जातो, आणि तिथून शेवटच्या रेषेजवळच्या केंद्रावर उतरतो. हवामान बिघडून विमान उडालं नाही की चित्र अडखळतं. तेव्हा जुन्या पद्धतीनं, कानावर आलेल्या क्रमांकांवर शर्यत सांगता येणारा समालोचक सोन्याचा वाटतो.

तिसरा रेडिओ सायकलस्वाराच्या कानात. पाठीवर जर्सीखाली छोटा वॉकीटॉकी, कानात इअरफोन, छातीशी माइक. दुसऱ्या टोकाला मागच्या गाडीत बसलेला संघाचा व्यवस्थापक. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटोरोला या कंपनीनं पुरस्कृत केलेल्या संघानं हे आणलं. रेडिओ बनवणाऱ्या कंपनीचाच संघ, त्यामुळं नवल नाही. आज मोठ्या व्यावसायिक शर्यतींत सगळेच ते वापरतात. व्यवस्थापकाच्या गाडीत टीव्हीही असतो, रेडिओ टूरही असतो. तो हिशेब करून सांगतो, आता ओढा, आता थांबा, पुढच्या वळणावर खडी आहे.

यावर भांडण जुनं आहे. एका बाजूचं म्हणणं: यानं सायकलस्वाराची अक्कल बाजूला पडते, घोळका यंत्रासारखा हिशेब करून पुढच्याला गिळतो आणि शर्यत बेचव होते. दुसरी बाजू म्हणते, धोक्याची सूचना मिळते, पडलेल्याला मदत लवकर पोहोचते. २००९च्या टूरमध्ये १४ जुलैचा टप्पा बिनरेडिओचा करून पाहिला. संघांना ते पसंत नव्हतं; घोळका निवांत चालला, शेवटी नेहमीसारखीच धावाधाव झाली आणि मार्क कॅव्हेंडिश जिंकला. त्याच टूरमध्ये आणखी एका टप्प्यावर हाच प्रयोग व्हायचा होता, तो रद्द झाला.

जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिंपिकमध्ये मात्र हे रेडिओ नसतात. त्यामुळं काय घडू शकतं ते २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या महिलांच्या शर्यतीत जगानं पाहिलं. ऑस्ट्रियाची अॅना कीजनहोफर ही गणितात डॉक्टरेट केलेली आणि तेव्हा कुठल्याही व्यावसायिक संघात नसलेली सायकलस्वार. सुरुवातीलाच ती काही जणींबरोबर निसटली आणि शेवटच्या चाळीसेक किलोमीटरमध्ये सोबतच्यांनाही मागं टाकून एकटीच पुढं गेली. मागं नेदरलँड्सच्या बलाढ्य संघानं तिच्या मागं राहिलेल्या दोघींना पकडलं आणि आता पुढं कुणी नाही असं तो संघ समजून चालला. आनेमीक फान फ्लॉयटेन हिनं रेषा ओलांडताना सुवर्ण जिंकल्याच्या आनंदात हात वर केले. कीजनहोफर सव्वा मिनिट आधीच पोहोचली होती. रेडिओ ऐकणाऱ्याला पहिली कोण ते ठाऊक होतं. दुसऱ्या आलेल्या बाईला नव्हतं.

मला तो निकाल अत्यंत आवडला. तरीही नुसत्या गमतीसाठी कानातला रेडिओ काढा, असं म्हणायला जीभ धजावत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये झुरिचच्या जागतिक अजिंक्यपदात, पावसात, मुरिएल फुरर ही १८ वर्षांची स्विस सायकलस्वार रस्त्याबाहेर झाडीत पडली आणि ती पडल्याचं बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. पुढच्या वर्षीच्या अजिंक्यपदात प्रत्येक सायकलीचा ठावठिकाणा कळेल अशी जीपीएसची सोय केली गेली. कुणी दिसेनासं झालं तर ते कळलं पाहिजे. व्यवस्थापकानं डावपेच सांगायचे की नाही, हा त्याहून वेगळा मुद्दा. वाद घालताना हे दोन्ही एकाच पोत्यात भरले जातात.

पहिल्यांदा ऐकायला बसाल तर भाषेची भीती बाळगू नका. फ्रेंच येत नसेल तर इंग्रजी समालोचन शोधा. शेवटचा तास पुरे. पहिले तीन तास निवेदकही हवापाणी आणि वाटेतले किल्लेच सांगत असतात. आधी किती किलोमीटर राहिले ते पकडा, मग पुढं किती जण आणि किती मिनिटं, मग घोळक्याच्या तोंडाशी कुठला संघ ओढतोय, म्हणजे वारा कापत वेग धरतोय, ते. तिसऱ्याकडं नवखे दुर्लक्ष करतात, पण खरी गंमत तिथंच आहे: जो संघ ओढतोय त्याला पुढच्याला पकडण्यात फायदा दिसतोय, आणि जो ओढत नाही त्याचा बहुधा कुणीतरी पुढं आहे. एक किलोमीटर उरला की रस्त्यावर लाल पताका असते. तिचा उल्लेख झाला की निवेदकाचा श्वास वर आणि वाक्यं तोकडी. चार-पाच दिवस ऐकलं की नावं ओळखीची होतात.

जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची बहुदिवसीय शर्यत झाली, तेव्हा जगभरचे संघ आपल्या घाटांत सायकल चालवून गेले. तशी एखादी शर्यत उद्या सोलापूरवरून तुळजापूरला गेली आणि मराठीत धावतं समालोचन करायचं ठरलं, तर विमान-हेलिकॉप्टर नसलं तरी भागेल. एक माणूस उळ्याला, एक तामलवाडीला, एक घाटाच्या पायथ्याला, तिघांकडं घड्याळ आणि फोन, एक मोटारसायकलवर, आणि तुळजापुरात क्रमांकांची यादी पुढं घेऊन बसलेला एक बोलका माणूस. आंत्वान आणि विरो यांच्याकडं १९२९ मध्ये याहून कमीच होतं.